सहाव्या फेरीनंतर

१

दुपारी दीड ते साडेतीन स्टुडिओ बंद असायचा. त्या दोन तासांत बाकीचं जग डुलकी काढायचं आणि आपा स्वतःपुरती रात्र करायची. डार्करूमचं दार आतून लावायचं, दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळकटी सारायची, लाल दिवा लावायचा, की झाली रात्र. सत्तावीस वर्षं ती हे करत होती. वय सेहेचाळीस. धाकट्या भावापासून ते तिच्याहून वयाने मोठ्या पोस्टमनपर्यंत सगळे तिला आपाच म्हणायचे. आपलं खरं नाव फक्त सही करताना आठवतं, असं ती स्वतःच सांगायची. "हिने एन्लार्जरशी निकाह लावलाय," हे फोटो छापायच्या त्या यंत्रावरून अम्मीचं आवडतं वाक्य. त्यावर आपाचं उत्तर ठरलेलं: "तो घोरत तरी नाही."

घर आणि स्टुडिओ एकाच लांबट इमारतीत. पुढे रस्त्याला लागून स्टुडिओ, तिथून मागे सरळ एक पॅसेज. पॅसेजच्या उजव्या हाताला ओळीने खोल्या: स्वयंपाकघर, अम्मीची खोली, डार्करूम, मग सामानाच्या दोन कुलूपबंद खोल्या, आणि शेवटी भिंत. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची इमारत. म्हणजे डार्करूमवरून पुढे गेलेला माणूस परत डार्करूमवरूनच मागे येणार. दुसरी वाटच नाही.

धाकटा हजहून आला त्याला चाळीस दिवस झाले होते. त्याचा स्वतःचा हज आधीच झालेला होता. या वेळी तो अब्बांच्या नावाने गेला होता. ज्याला हयातीत जाता आलं नाही त्याच्यासाठी घरातल्या कुणी जावं, अशी सोय आहे. हा स्टुडिओ अब्बांचा. ते तीन वर्षांपूर्वी गेले, जन्मभर "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत. आणि अम्मी या हिवाळ्यापासून पलंगावर होती. डॉक्टर आता तिच्याशी फार गोड बोलायला लागले होते, त्यावरून काय ते तिने ओळखलं होतं.

"वर गेले की ते पहिला प्रश्न हाच विचारणार," ती रोज धाकट्याला म्हणायची. "झाला का माझा हज? पूर्ण झाला का? नीट सांग रे, मला उत्तर पाठ करून ठेवू दे. काबाभोवतीच्या फेऱ्या सात झाल्या ना?"

"झाल्या, अम्मी."

"सातही?"

"सातही," असं म्हणून धाकटा पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आल्यासारखा उठून जायचा. गिऱ्हाईक आलेलं नसायचं.

जाताना हाच धाकटा केवढ्या तोऱ्यात होता. अब्बांचा मुठीत मावणारा जुना कॅमेरा त्याने बरोबर घेतला होता. "प्रत्येक फेरी संपली की फेरीची सुरुवात दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यापाशी एक फोटो. सात फेऱ्या, सात फोटो. अम्मीला पुरावाच आणून देतो." परत आल्यावर तंबूंचे, बसच्या रांगांचे, सामानावर डोकं ठेवून झोपलेल्या म्हाताऱ्यांचे रोल त्याने आपाच्या हवाली केले. फेऱ्यांचा रोल मात्र दिला नाही. तो आपाला त्याच्या बॅगेच्या कडेच्या कप्प्यात सापडला, रुमालात गुंडाळलेला. रुमालाला गाठ मारली होती.

बॅग धुवायला काढली होती, असं आपाने स्वतःला सांगितलं. बॅग स्वच्छ होती.

तिने गाठ सोडली, रोल धुतला, दिव्यासमोर धरला. सहा फ्रेम उमटल्या होत्या. पुढे सगळं कोरं.

२

सहा म्हणजे सहा फोटो, सहा फेऱ्या नव्हेत, असं आपाने ठरवलं. गर्दीत एखादा फोटो राहतो. घाईने निष्कर्ष काढायचा नाही. आधी छापायचं, मग बोलायचं. ती हट्टी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ती त्याला नीटनेटकेपणा म्हणायची.

पहिल्या दिवशी पहिली फ्रेम. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. एन्लार्जरमध्ये मंद बाजू खाली घालायची. उलटी घातली तर फोटो आरशातल्यासारखा उलटा छापून येतो, भांग या बाजूचा त्या बाजूला जातो. आपाने मंद बाजू खाली घातली, कागदावर उजेड दिला, कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवू लागली.

आधी डावीकडे काळं उमटलं: काबा, काळ्या आच्छादनाचा एक कोपरा. मग शेकडो डोकी. मग पाठी. सगळे पाठमोरे, सगळे एहरामच्या पांढऱ्या न शिवलेल्या कापडात, सगळ्या पुरुषांचा उजवा खांदा उघडा. या फेऱ्यांत तसाच ठेवायचा असतो. काळ्यापांढऱ्यात ते इतकं देखणं दिसत होतं की आपा क्षणभर हेवा विसरली. धाकट्याचा हात चांगला होता, हे कबूल करायला तिला अंधार लागायचा.

आणि मग तो दिसला. कॅमेऱ्याच्या अगदी पुढे, दोन हातांवर, एक म्हातारा. पाठमोरा. त्याचा उघडा खांदा डावा होता.

"घातलीस उलटी," आपा मोठ्याने म्हणाली. एकटीने काम करणाऱ्या बायका स्वतःशी बोलतात, त्यात काही नाही. तिने निगेटिव्ह काढून पाहिली. मंद बाजू खालीच होती. तरी तिने खात्रीसाठी मुद्दाम उलटी घालून दुसरी प्रिंट काढली. आता काबा उजवीकडे गेला, सगळी गर्दी भलत्याच बाजूने चालू लागली, सगळ्यांचे डावे खांदे उघडे पडले. त्या सगळ्यांत एकट्या म्हाताऱ्याचं कापड बरोबर दिसत होतं.

असतं एखाद्याचं, तिने विचार केला. लाखो माणसं. कुणीतरी कापड चुकीचं गुंडाळणारच. आपल्याकडे नाही का, लोक स्वेटर उलटा घालून पासपोर्ट फोटोला येतात.

तेव्हा बाहेर पॅसेजमधून कुणीतरी गेलं. अनवाणी पाय, एक टेकत, एक जरासा घासत. डावीकडून आलं, दारासमोरून उजवीकडे गेलं.

"धाकट्या, ओरडून तरी जा," आपा म्हणाली. "दार उघडलंस तर हातपाय तोडीन."

तिने प्रिंट फिक्सरमध्ये टाकली, धुतली, वाळत लावली. वीसेक मिनिटं गेली असतील. दार उघडताना तिच्या ध्यानात आलं की पाय परत आलेले तिने ऐकले नव्हते. पॅसेज मोकळा होता. सामानाच्या खोल्यांना कुलपं. धाकटा स्टुडिओतल्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपला होता, पायांत मोजे घालून.

३

दुसऱ्या दिवशी दुसरी फ्रेम. तोच हिरव्या दिव्याजवळचा कोपरा, वेगळी गर्दी, वेगळ्या मानी, आणि बरोबर त्याच जागी, दोन हातांवर, तोच म्हातारा. डावा खांदा.

त्या दिवशी पाय दोनदा गेले.

डावीकडून उजवीकडे गेले. मग थोड्या वेळाने पुन्हा डावीकडून उजवीकडे. मध्ये परत फिरल्याचा आवाज नाही. जणू पॅसेज पुढे कुठेतरी वळून, घराला वळसा घालून, पुन्हा स्टुडिओच्या बाजूने आत येत होता.

आपाने जाऊन भिंत तपासली. हसू नका, खरंच तपासली: बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून. भिंत भिंतीसारखीच वाजली. पलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता. "पाइपमधून पाण्याचा आवाज येतो," तिने स्वतःला समजावलं. पाणी लंगडत नाही, हे तिने स्वतःला सांगितलं नाही.

जेवताना तिने धाकट्याला विचारलं, "फेऱ्या मारताना तुझ्यापुढे कुणी म्हातारा होता का रे?"

"आपा, तिथे सगळे म्हातारेच असतात. नाहीतर दमून म्हातारे झालेले."

"एकच. सारखा तुझ्यापुढे."

त्याचा घास हातात राहिला. "रोल तू घेतलास."

"बॅग धुवायला—"

"धुतलीस का बॅग?"

"नाही."

"मग?" तो उठला. ताट तसंच. दारातून वळून म्हणाला, "छापू नकोस. तुझ्या पाया पडतो. सात झाल्यात म्हणून सांगितलंय ना मी अम्मीला? मग झाल्या."

आता हे असं कुणी आपाला सांगितलं की संपलं. छापू नको म्हटल्यावर तिने न छापणं म्हणजे मांजराला ताटाकडे पाहू नको म्हणण्यासारखं. पण खरं सांगायचं तर या वेळी नुसता हट्ट नव्हता. पलंगावर एक बाई उत्तर पाठ करत पडली होती. ते उत्तर खोटं असेल तर ती ते बरोबर घेऊन जाणार होती, आणि नंतर दुरुस्त करायला कुणाला तिथे जाता येणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिसरी. पाय तीनदा. चौथ्या दिवशी चौथी, चारदा. म्हातारा प्रत्येक फोटोत तिथेच. पाचव्या दिवशी, पाचवेळा पाय जाऊन झाल्यावर, ती दार उघडून सरळ अम्मीच्या खोलीत गेली. ती खोली डार्करूमच्या अलीकडे; जो कोणी रस्त्याकडून आत येणार तो तिच्या दारावरूनच जाणार.

"अम्मी, इथून कुणी गेलं?"

"मला कुठे ऐकू येतं," अम्मी म्हणाली. "पण पडदा हलतो. आज पाचवेळा हलला. काल चार. मी मोजते. पडल्या पडल्या दुसरं करणार काय? तू वारा आहे म्हणून सांगणार असशील तर सांग, मी मान्य करीन."

"वारा आहे."

"बरं," अम्मी म्हणाली.

खिडकी बंद होती.

४

सहावी फ्रेम छापताना आपाचे हात स्थिर होते, याचा तिला अभिमान वाटला.

ट्रेमध्ये कागद हलू लागला. डावीकडे काळा कोपरा. डोकी. पाठी. म्हातारा. पण या वेळी गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि तो थांबला होता. मान खाली. तोंड नाही, तोंड पुढेच. फक्त त्याचा उजवा हात मागे आला होता. पंजा उघडा, बोटं किंचित वाकलेली, कॅमेऱ्याकडे. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात न बघता मागायचा असतो, तसा.

किंवा मोठ्या माणसाने लहानाकडे आधार मागावा, तसा.

बाहेर पाय सुरू झाले. एक. दोन. लाल उजेडात ट्रेमधलं पाणी अगदी हलकं थरथरत होतं. ट्रे तिने कधीच सोडला होता. तीन. चार. कागद जास्त काळा होत चालला होता, चिमटा हातात होता, आणि हात उचलत नव्हता. पाच. सहा.

सहाव्या वेळी पाय उजवीकडे गेले नाहीत. दारासमोर आले आणि थांबले.

दाराखाली वळकटी होती, नाहीतर सावली दिसली असती. वळकटी होती म्हणून आपाने आभार मानले. पलीकडून श्वास ऐकू येत होता का? तिचा स्वतःचाच येत होता. "दार उघडता येणार नाही," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला सांगावं तशी, "कागद बाहेर आहे. उजेड लागला की खराब होतो." सत्तावीस वर्षांत हे वाक्य तिने हजारदा म्हटलं असेल. ते पहिल्यांदाच तिला सबबीसारखं वाटलं.

बाहेरून घाईची काही खूण आली नाही. दार ढकललं गेलं नाही, ठोठावलं गेलं नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं, आणि लागेल तितकं उभं राहणार होतं.

तिने प्रिंट फिक्सरमध्ये घातली. पाच मिनिटं. धुतली. दहा मिनिटं. सगळं घड्याळ लावून, नियमाने. मग दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. फक्त दारासमोरची फरशी, अनवाणी उभी असलेल्या आपाला समजलं, इतर फरश्यांपेक्षा उबदार होती.

५

प्रिंट तिने ओलीच धाकट्यासमोर ठेवली, स्टुडिओच्या काउंटरवर, पासपोर्टच्या नमुन्यांशेजारी.

त्याने पाहिली. मग खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवर.

"मला तो दिसला नव्हता, आपा. खरंच नव्हता. मी डोळा लावून फोटो काढले, समोर फक्त गर्दी होती. पण सहाव्या फेरीच्या शेवटी कॅमेरा खाली घेतला आणि माझ्या हातात हात आला."

"कुणाचा?"

"हात. पुढून आला. गर्दीत लोक धरतात एकमेकांना, तसा नव्हता. ओळखीचा होता. अंगठा माझ्या मुठीवर असा दोनदा दाबला." त्याने स्वतःच्याच हातावर दाबून दाखवलं.

आपाला दाखवायची गरज नव्हती. अब्बांचा एक पाय जन्मापासून अधू. गर्दीचं त्यांना भय होतं. रस्ता ओलांडताना ते मुलांचा हात घ्यायचे आणि अंगठ्याने दोनदा दाबायचे. म्हणजे, चल, मी तयार आहे.

"मग?"

"मग काय! सोडवला मी. झटकला, आपा. आणि पळालो. माणसांना ढकलत पळालो, बाहेर येऊन थांबलो तेव्हा सातवी फेरी कुठे आणि मी कुठे. पुन्हा जाऊन मारता आली असती. लोक मारतात. मी दोन दिवस त्या दाराशी जाऊन परत आलो." तो रडत नव्हता, रडला असता तर बरं झालं असतं. "सहा झाल्या. त्यांना मी तिथे सोडून आलो."

आपाला भाऊ म्हणून त्याची कीव यायला हवी होती. तिला आठवलं ते भलतंच. वीस वर्षांपूर्वी अब्बांनी हजचा अर्ज आणून तिच्यापुढे ठेवला होता. "तू चल. गर्दीत हात कोण धरणार माझा?" आणि तिने म्हटलं होतं, "अब्बा, आत्ता लग्नाचा सीझन, सगळे अल्बम अडकलेत. पुढच्या वर्षी नक्की." ते जन्मभर जे "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले, ते शब्द त्यांचे नव्हते. तिचे होते.

ती अम्मीकडे गेली. धाकटा मागोमाग आला, "नको सांगूस, जाईल ती," असं कुजबुजत. आपाने पलंगाच्या कडेला बसून सांगितलं.

"अम्मी, सहा झाल्या. सात नाही."

अम्मी म्हणाली, "कळलं होतं. याला खोटं बोलता येत नाही. फार लवकर उत्तर देतो." तिने हात पुढे केला. "दाखव फोटो."

तिने सहावी प्रिंट चष्म्याजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ. आणि आपाची काहीही अपेक्षा होती पण ही नव्हती: अम्मी हसली. खोकला येईपर्यंत हसली.

"खांदा बघ! खांदा बघ यांचा! मी सांगितलं होतं, चुकलाय."

"काय चुकलाय?"

"अगं, एहरामचं कापड आणून ठेवलं होतं त्यांनी. तुम्ही दोघं बाहेर गेलात की स्टुडिओतल्या मोठ्या आरशासमोर उभे राहायचे गुंडाळायला. शिकवणार कोण, आणि विचारायची लाज. मग एका हातात हाजींचा फोटो धरायचे आणि आरशात हुबेहूब तसं दिसेपर्यंत कापड फिरवायचे. आरशात! मी म्हटलं, अहो, खांदा उलटा आलाय. तर म्हणाले, फोटोत बघ आणि आरशात बघ, आहे का फरक? जन्म गेला निगेटिव्ह सुलटी घालण्यात, आणि हे." तिने डोळे पुसले. प्रिंट छातीवर ठेवली. हसू गेलं. "म्हणजे तेच आहेत. उभे आहेत. पुढे जाणार नाहीत ते, हात धरल्याशिवाय. मला माहीत आहे ना. संध्याकाळ होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहतील, पण एकटे नाही जाणार."

धाकटा म्हणाला, "पुढच्या वर्षी मी—"

"ते शब्द या घरात आता कुणी बोलायचे नाहीत," आपा म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तिने स्टुडिओचं शटर ओढलं. धाकट्याला अम्मीजवळ बसवलं.

"मी येतो, आपा. माझं काम आहे ते."

"तू पडद्याकडे बघत बस. हलला की मोज. आणि मला हाक मारू नकोस, काही झालं तरी."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना. मला झुरळाचीही वाटते. म्हणून काय घर सोडते?"

डार्करूममध्ये जाऊन तिने दार लावलं, लाल दिवा लावला. वळकटी मात्र फटीत घातली नाही. कागदाचा डबा बंद होता, ट्रे पालथे घालून ठेवले होते, निगेटिव्हचा रोल पाकिटात. आज काही बाहेर नव्हतं. उजेडाने खराब होईल असं काहीच नव्हतं, म्हणजे आजपर्यंतची सबब नव्हती. तिने चपला काढल्या. स्टुलावर बसली. मग बसणं बरं दिसत नाही असं वाटून उभी राहिली.

तिची बुद्धी अजून भांडतच होती, ते सांगायला हवं. धाकट्याच्या मनाचा खेळ, म्हातारीचा पडदा, आपल्या कानांचं वय. एखाद्याने कापड चुकीचं गुंडाळलं, त्यावर तीन शहाणी माणसं वेडी झाली. सगळं पटण्यासारखं होतं. तिने त्याला हो म्हटलं आणि जागेवरून हलली नाही.

पहिली फेरी गेली. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आलेली होती. ती रेघ डावीकडून बुजत गेली आणि उजवीकडून उघडत गेली.

दुसरी. तिसरी. टेकत, घासत. चौथीला तिला आणखी काहीतरी ऐकू आलं, खूप मागे, खूप खोल, भिंतीच्या किंवा फरशीच्याही मागे: पुष्कळ पायांचा आवाज. पाऊस असावा तसा, पण चालणारा. पाचवी. अम्मीच्या खोलीतून काही आवाज नाही. दोघं मोजत असतील.

सहावी. रेघ डावीकडून बुजत आली आणि मधोमध थांबली. दोन काळे ठिपके, शेजारी शेजारी. एक सरळ, एक जरा वाकडा.

आपाने कडी काढली. हात सवयीच्या कामाला लागावा तसा लागला. दार आत ओढलं आणि स्टुडिओकडून येणारा पांढरा उजेड लाल अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर आदळला. त्या उजेडात तिला काय दिसलं? पांढऱ्या कापडाची एक कड. म्हाताऱ्या त्वचेचा एक खांदा, त्यावर सुरकुत्या, एक जुना देवीचा व्रण. बस. तोंड तिने पाहिलं नाही. मान वर केली असती तर दिसलं असतं, आणि मान वर करायची नाही हे तिला कुणी न सांगता कळलं होतं.

"अब्बा, खांदा चुकलाय," ती म्हणाली. "थांबा."

तिने डोळे मिटले आणि हाताने चाचपून कापडाची कड धरली. सुती, जाड, घडीचा वास असलेली. ती तिने डाव्या खांद्यावर ओढून नीट बसवली, मागून फिरवून उजव्या काखेखालून घेतली, उजवा खांदा मोकळा केला. समोरचं माणूस मुकाट्याने उभं होतं, शाळेत जाणाऱ्या मुलासारखं. अंगाला ऊब होती. श्वास नव्हता.

मग तिने हात पुढे केला.

हात आला. कोरडा. अंगठा तिच्या मुठीवर एकदा दाबला. पुन्हा एकदा.

"चला," आपा म्हणाली.

मागे, अम्मीच्या दारातून धाकट्याचा आवाज आला. सांगूनही त्याने हाक मारलीच. "आपा?" आणि मग, घाबरून, लहानपणीसारखा: "आपा, तिकडे भिंत आहे!"

ती वळली नाही. डोळे तिने उघडले नाहीत. या घरात तिला डोळ्यांची गरज नव्हती. उजवीकडे वळून डार्करूमच्या दारापासून त्या भिंतीपर्यंत नऊ पावलं होती. सामान ठेवायला जाता येता तिने ती हजारदा मोजली होती. एक पाऊल तिचं, एक घासणारं. चार. पाच. पायांखालची फरशी गुळगुळीत आणि थंड होत चालली होती, संगमरवरासारखी. पुष्कळ पायांचा आवाज आता दोन्ही बाजूंना होता. सात. कुणाचा तरी ओला खांदा तिला घासून गेला. आठ. हातातला हात घट्ट झाला, आणि तिला समजलं की अब्बा घाबरले आहेत, जन्मभर घाबरायचे तसेच, आणि आता सोडवून घेणं कुणालाच जमणार नाही, तिलाही नाही.

नऊ.

तिने दहावं पाऊल टाकलं.